अवघड काम, योग्य माणूस आणि अल्लाहवर भरवसा

सोलापूरच्या भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे घर आता स्मारक म्हणून जपलेले आहे. 10 ऑक्टोबर 1910 रोजी आपल्या शहरात जन्मलेल्या या डॉक्टरांची गोष्ट मुलांना शाळेत कळते, आणि व्ही. शांताराम यांच्या 1946 च्या चित्रपटामुळे जुन्या पिढीलाही ती ठाऊक आहे. परंतु या गोष्टीचा एक भाग फारसा सांगितला जात नाही. तो भाग माणसे निवडण्याचा आहे.

1938 साली जपानी आक्रमणाने होरपळलेल्या चीनने भारताकडे वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी आवाहन केले. निधी जमला, औषधे जमली, मग प्रश्न आला माणसांचा. परका मुलुख, परकी भाषा, डोक्यावर बॉम्ब. तिथे पाठवायचे कोणाला? शेवटी पाच डॉक्टर ठरले. पथकाचे प्रमुख डॉ. मदन अटल, वयाने सर्वांत मोठे नागपूरचे डॉ. चोळकर, आपले कोटणीस आणि कलकत्त्याचे दोघे. या दोघांपैकी आधी ठरलेल्या एका डॉक्टरांना इंग्रज सरकारने पासपोर्टच दिला नाही. त्यांच्या जागी ऐन वेळी डॉ. बिजय कुमार बसू यांचे नाव आले. 1 सप्टेंबर 1938 रोजी मुंबई बंदरातून बोट सुटली.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. पाचही जण लायक होते, पाचही जणांनी मनापासून काम केले. पण आजारपण किंवा इतर कारणांनी दोघे 1939 मध्ये आणि प्रमुख डॉ. अटल 1940 मध्ये परतले. मागे राहिले दोनच, कोटणीस आणि बसू. बसू म्हणजे तेच, ज्यांचे नाव पहिल्या यादीत नव्हते. ते 1943 पर्यंत सेवा करून परत आले. कोटणीस यांना तिकडेच वडिलांच्या निधनाची बातमी कळली, तरी ते काम सोडून आले नाहीत. 1941 मध्ये त्यांच्याकडे बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद आले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या 32 व्या वर्षी, त्यांचे तिथेच निधन झाले.

निवडणाऱ्यांना यातले काहीच आधी माहीत नव्हते. कोण टिकेल, कोण आजारी पडेल, कोणाला सरकार अडवेल आणि अडवल्यामुळे कोणाची वाट मोकळी होईल, हे त्यांच्या हातात नव्हते. त्यांच्या हातात होते ते एवढेच की डॉक्टरच निवडायचे, जाण्यास राजी असलेलेच निवडायचे आणि वशिला बघायचा नाही.

वाचकहो, हाच प्रश्न लहानमोठ्या रूपात आपल्यासमोर रोज येतो. मशिदीचा विश्वस्त कोण? जकातीचे पैसे कोणाच्या हाती? विडी वळणाऱ्या बहिणींच्या बचत गटाचा हिशेब कोण ठेवणार? भाऊ वारला, तर त्याच्या लहान मुलांच्या रकमेची राखण कोण करणार? अंथरुणाला खिळलेल्या अम्मीची सेवा कोणावर सोपवायची? अशा वेळी आपण सहज म्हणतो, ‘अल्लाह मार्ग दाखवील.’ तो दाखवतोच, यात शंका नाही. पण तो मार्ग कसा दाखवतो आणि त्यात आपल्या वाट्याला काय ठेवतो, हे समजून न घेता हे वाक्य उच्चारले की ते आळसाचे पांघरूण होते.

तालूत यांची निवड

कुरआनात निवडीचा सर्वांत बोलका प्रसंग सूरह बकरामध्ये (आयत 246 ते 251) आहे. बनी इस्राईलच्या वडीलधाऱ्यांनी आपल्या पैगंबरांकडे मागणी केली की आमच्यावर एक राजा नेमा, म्हणजे आम्ही अल्लाहच्या मार्गात लढू. पैगंबरांनी सांगितले की अल्लाहने तालूत यांना नेमले आहे. लगेच तक्रार सुरू झाली. हा कसा राजा होईल? याच्यापेक्षा आमचा हक्क जास्त. याच्याकडे तर पैसाही नाही. त्यावर उत्तर आले की अल्लाहनेच त्यांना निवडले आहे आणि ज्ञानात व शरीराच्या ताकदीत त्यांना जास्त दिले आहे.

हे लोक अल्लाहकडेच मागत होते. पण उत्तर मनासारखे आले नाही, तेव्हा त्यांनी आपली मोजपट्टी पुढे केली. ती मोजपट्टी घराण्याची आणि संपत्तीची होती. अल्लाहने सांगितलेली मोजपट्टी कामाची होती. युद्धाचे काम आहे, तर ज्याला त्याची समज आहे आणि ज्याच्या अंगात ताकद आहे, तो माणूस.

आपल्याकडे आजही हेच घडते. सभेत नावे सुचवताना पहिली नजर मोठ्या घराकडे जाते, दुसरी मोठी देणगी देणाऱ्याकडे. यंत्रमागावर बारा तास राबणारा, पण पै-पैचा हिशेब तोंडपाठ असणारा माणूस मागच्या सफेत बसलेला असतो. त्याच्याकडे नजर जातच नाही. देणगी देणाऱ्याचा सन्मान जरूर व्हावा, अल्लाह त्याला त्याचे अज्र देईल. पण देणे हा एक गुण आहे आणि सांभाळणे हा वेगळा.

तालूत यांची कथा पुढे आणखी एक गोष्ट शिकवते. सैन्य निघाले तेव्हा वाटेत नदी लागली आणि आदेश झाला की पाणी पिऊ नका, फार तर एक ओंजळ घ्या. बहुतेकांनी पोटभर पाणी प्यायले. थोडे लोक उरले आणि त्या थोड्यांनीच मोठ्या सैन्यावर विजय मिळवला. त्यांच्यातूनच दाऊद (अलै.) पुढे आले आणि जालूतचा अंत झाला. म्हणजे निवड एका दिवसात संपत नाही. आधी लहान कसोटी, मग मोठे काम. ज्याला आज शंभर रुपयांचा हिशेब वेळेवर देता येतो, त्याच्याकडे उद्या लाखाचा द्यावा.

दोन गुण, एका मुलीच्या सल्ल्यातून

माणसात पाहायचे तरी काय? याचे नेमके उत्तर सूरह कससमध्ये (आयत 26) आहे आणि ते एका तरुण मुलीच्या तोंडून आले आहे. मदयनच्या विहिरीवर मूसा (अलै.) यांनी दोन बहिणींच्या जनावरांना पाणी पाजले. घरी गेल्यावर त्यांतली एक वडिलांना म्हणाली की यांना कामावर ठेवा, कारण कामावर ठेवण्यास उत्तम माणूस तो, जो ताकदवान आहे आणि विश्वासू आहे. कवी आणि अमीन. ज्याला काम जमते आणि ज्याच्या हाती अमानत सुरक्षित राहते.

हे दोन्ही गुण सोबत लागतात. नुसता प्रामाणिक, पण काम न जमणारा माणूस संस्थेचे नुकसान करतो. नुसता हुशार, पण अप्रामाणिक माणूस तर संस्थाच खातो. यूसुफ (अलै.) यांनी मिसरच्या खजिन्याची जबाबदारी मागितली तेव्हा त्यांनीही आपल्या दोनच गोष्टी सांगितल्या, आपण राखण करणारे आहोत आणि जाणकार आहोत. आपण पैगंबरांच्या वंशातले आहोत, असे ते म्हणाले नाहीत.

याच प्रकाशात हजरत अबू जर (रजि.) यांचा प्रसंग वाचावा. त्यांच्या परहेजगारीबद्दल कोणालाही शंका नव्हती. त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे एखाद्या पदाची इच्छा व्यक्त केली. प्रेषितांनी (स.) प्रेमाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि समजावले की तुम्ही या बाबतीत कमजोर आहात, हे पद अमानत आहे आणि ज्याने तिचा हक्क अदा केला नाही, त्याला कियामतच्या दिवशी ते पस्तावा देणारे ठरेल. सहीह मुस्लिममध्ये ही हदीस आहे. नेक माणूस प्रत्येक कामाला योग्य असतोच असे नाही, आणि नकार मिळाल्याने त्याची नेकी कमी होत नाही. हे आपण समजून घेतले, तर मोहल्ल्यातली अर्धी भांडणे मिटतील.

उलट बाजूचे उदाहरण हिजरतचे आहे. मक्केतून मदीनेला जाणे हे किती जोखमीचे काम! मागावर शत्रू, डोक्यावर इनाम. त्या प्रवासाचा वाटाड्या म्हणून प्रेषितांनी (स.) आणि हजरत अबू बकर (रजि.) यांनी अब्दुल्लाह बिन उरैकित याला ठरवले. तो मुसलमान नव्हता. पण त्याला वाळवंटाच्या वाटा माहीत होत्या आणि त्याचा शब्द पक्का होता. दोन्ही उंट त्याच्या हवाली केले गेले आणि ठरल्याप्रमाणे तीन रात्रींनंतर तो सौरच्या गुहेपाशी हजर झाला. अल्लाहवर सर्वाधिक भरवसा असणाऱ्या व्यक्तीने वाटाड्या निवडताना त्याचे कौशल्य आणि इमान, दोन्ही पारखून घेतले. सोलापूरसारख्या मिश्र वस्तीच्या शहरात राहणाऱ्या आपल्याला यातून खूप घेण्यासारखे आहे.

मशविरा आणि त्याची किंमत

सूरह आलि इम्रानच्या 159 व्या आयतीत क्रम दिलेला आहे. कामात त्यांच्याशी सल्लामसलत करा, मग निर्धार झाला की अल्लाहवर भरवसा ठेवा. आधी मशविरा, मग निर्धार, मग तवक्कुल. आपण बहुधा शेवटची पायरी पहिली घेतो.

ही आयत उहुदच्या लढाईनंतरची आहे, हे विसरू नये. त्या लढाईआधी मदीनेत राहून लढावे की बाहेर पडावे यावर मशविरा झाला होता. अनेकांचा, विशेषतः तरुणांचा, आग्रह बाहेर पडण्याचा होता आणि तसेच ठरले. पुढे त्या लढाईत मुसलमानांना मोठी हानी सोसावी लागली. एखाद्याला वाटले असते की आता सल्ला घेणे पुरे. पण अल्लाहने त्याच वेळी त्यांना माफ करण्याचा आणि त्यांच्याशी सल्लामसलत करत राहण्याचा आदेश दिला. म्हणजे मशविऱ्यातून निघालेल्या निर्णयाचा परिणाम कठीण निघाला, तरी मशविरा चुकीचा ठरत नाही.

मशविरा कोणाशी करावा? ज्यांना त्या माणसाचा व्यवहार माहीत आहे त्यांच्याशी. शेजारी, दुकानदार, सोबत काम करणारे. आणि घरातल्या बायकांशी. मदयनच्या त्या मुलीने पाहिलेली गोष्ट वडिलांनी पाहिली नव्हती. कोण उधारी वेळेवर फेडतो, कोणाच्या घरी आजारपणात कोण धावून येते, हे आपल्या बायकांना पुरुषांपेक्षा अधिक ठाऊक असते. त्यांना न विचारता घेतलेला निर्णय अर्ध्या माहितीवरचा असतो. आणि जबाबदारी सोपवतानाही त्यांचा विचार व्हावा. कुरआनचे एकत्र केलेले लिखाण हजरत उमर (रजि.) यांच्यानंतर हजरत हफ्सा (रजि.) यांच्याकडे होते. उम्मतच्या सर्वांत मोलाच्या ठेव्याची राखण एका स्त्रीने केली.

सल्ला देणाऱ्यावरही जबाबदारी असते. हजरत उमर (रजि.) यांनी शेवटच्या आजारात खलिफा निवडण्यासाठी सहा जणांची समिती नेमली, तेव्हा आपले पुत्र अब्दुल्लाह (रजि.) यांना सल्ल्यासाठी बसू दिले, पण खिलाफतीसाठी त्यांचे नाव बाद ठेवले. आमच्या संस्थांमध्ये बापानंतर मुलगा आणि मुलानंतर नातू हा शिरस्ता पाहिला की हे उदाहरण आठवावे.

इस्तिखारा म्हणजे काय

आता इस्तिखाऱ्याकडे येऊ. हजरत जाबिर (रजि.) सांगतात की प्रेषित (स.) इस्तिखारा असा शिकवत, जशी कुरआनची एखादी सूरह शिकवत. दोन रकात नफिल नमाज आणि त्यानंतर एक दुआ. या दुआचा आशय असा की, हे अल्लाह, तुला माहीत आहे, मला माहीत नाही. हे काम माझ्या दीनसाठी, जगण्यासाठी आणि अंतासाठी चांगले असेल तर ते माझ्यासाठी नेमून दे आणि सोपे कर. वाईट असेल तर ते माझ्यापासून दूर कर आणि मला त्यापासून दूर ठेव. जिथे भलाई असेल तिथे ती मला दे आणि त्यात मला समाधानी कर.

या दुआत स्वप्नाचा उल्लेख नाही. हिरवा रंग दिसला तर होय आणि काळा दिसला तर नाही, असेही कुठे नाही. फोनवरून पैसे घेऊन दुसऱ्यासाठी इस्तिखारा ‘काढून’ देण्याचा जो धंदा चालतो, त्याचा या शिकवणीशी काही संबंध नाही. ज्याचे काम, त्याचे दोन रकात, त्याचीच दुआ.

आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. काही लोक सभेत उभे राहून म्हणतात, ‘आम्ही इस्तिखारा केला, अमुक माणसाचे नाव आले.’ यावर बाकीचे गप्प होतात, कारण अल्लाहच्या नावापुढे कोण बोलणार? अशा वेळी नम्रपणे सांगावे की आपला इस्तिखारा कबूल होवो, पण या माणसाचा मागचा हिशेब पाहू. इस्तिखारा करणाऱ्याचे मन मोकळे होण्यासाठी आहे, दुसऱ्याचे तोंड बंद करण्यासाठी नाही.

मन मोकळे होणे म्हणजे काय, हे कुरआन एकत्र करण्याच्या प्रसंगातून कळते. यमामाच्या लढाईत अनेक हाफिज शहीद झाले. हजरत उमर (रजि.) यांनी हजरत अबू बकर (रजि.) यांना सुचवले की कुरआन एका ठिकाणी लिहून घ्यावे. अबू बकर (रजि.) आधी कचरले. जे काम प्रेषितांनी (स.) केले नाही, ते आपण कसे करावे? उमर (रजि.) पुन्हा पुन्हा सांगत राहिले आणि अखेर अल्लाहने अबू बकर (रजि.) यांचे मन त्या कामासाठी मोकळे केले. मग माणूस निवडायचा होता. त्यांनी जैद बिन साबित (रजि.) यांना बोलावले आणि निवडीची कारणे त्यांच्या तोंडावर सांगितली. तुम्ही तरुण आहात, समजदार आहात, तुमच्यावर कोणाचा आक्षेप नाही आणि तुम्ही वही लिहिण्याचे काम केलेले आहे. जैद (रजि.) म्हणत की डोंगर हलवायला सांगितले असते, तरी ते याहून जड वाटले नसते. मग त्यांचेही मन मोकळे झाले आणि ते कामाला लागले. काम करतानाही त्यांनी स्वतःच्या पाठांतरावर विसंबून न राहता लिहिलेले तुकडे आणि लोकांच्या तोंडचे पाठ, दोन्ही जमा केले.

अल्लाहचे मार्गदर्शन इथे कसे आले ते पाहा. ते एका साथीच्या सल्ल्यातून आले, विचार करताना आले, माणसाची चार कारणे तपासताना आले आणि शेवटी मनाच्या शांतीत आले. आणि ज्याची निवड झाली, त्याला ती पदवी न वाटता डोंगर वाटला. आमच्या मते योग्य माणसाची ही मोठी खूण आहे. जो पदासाठी धावतो त्याच्याबद्दल जरा थांबून विचार करावा आणि जो जबाबदारीच्या ओझ्याने दबकतो पण काम जाणतो, त्याला आग्रह करावा.

आपल्या घरात, आपल्या मोहल्ल्यात

‘हाजीर तो वजीर’ अशी आपल्याकडे म्हण आहे. सभेला जो आला त्याच्या गळ्यात माळ. पण 2020 मध्ये कोरोनाने सर्वांची परीक्षा घेतली, तेव्हा मयतीला गुस्ल कोण देणार, कबरीत कोण उतरणार, हा प्रश्न मोहल्ल्या-मोहल्ल्यात उभा राहिला. सभेला कधी न दिसणारी कितीतरी मुले त्या वेळी पुढे आली. नदीवरची परीक्षा अशीच असते. अशा मुलांची नावे आपण लिहून ठेवली का? पुढची जबाबदारी देताना त्यांना आठवले का?

घरातली निवडही तितकीच नाजूक असते. अनाथांच्या मालाबद्दल सूरह निसामध्ये (आयत 6) सांगितले आहे की त्यांची पारख करत राहा, समज आलेली दिसली की त्यांचा माल त्यांच्या हवाली करा आणि हवाली करताना साक्षीदार ठेवा. चुलता सख्खा असला तरी साक्षीदार हवाच. आपल्याकडे हिशेब मागितला की लोक म्हणतात, विश्वास नाही का? वास्तविक हिशेब देण्याने विश्वास वाढतो. साक्षीदार ठेवणे तवक्कुलच्या विरुद्ध असते, तर अल्लाहने त्याचा आदेशच दिला नसता.

म्हणून येत्या काळात मोहल्ल्यात किंवा घरात कोणाला जबाबदारी देण्याची वेळ आली, तर एवढे करावे. आधी काम काय आहे ते नीट लिहून काढावे. त्या कामाची ताकद आणि अमानतदारी कोणात आहे, हे त्याच्या मागच्या व्यवहारावरून पाहावे. ओळखणाऱ्यांशी, घरातल्या बायकांशी आणि तरुणांशी बोलावे. दोन रकात पढून अल्लाहकडे भलाई मागावी. मग निर्धार करावा आणि त्या माणसाच्या पाठीशी उभे राहावे. मूसा (अलै.) यांना फिरऔनकडे जायचे होते, तेव्हा त्यांनीही अल्लाहकडे आपले भाऊ हारून (अलै.) यांना मदतनीस म्हणून मागितले होते. निवडलेल्या माणसाला एकटे सोडून दुरून टीका करणे हा मोठा अन्याय आहे.

आणि मग परिणाम अल्लाहवर सोपवावा. पाचांतले कोण दोघे टिकतील, हे 1938 मध्ये निवडणाऱ्यांना माहीत नव्हते. तालूत यांच्या सैन्यातला कोवळा मुलगा जालूतला पाडेल, हे सैन्यातल्या कोणाला ठाऊक नव्हते. आपली निवड प्रामाणिक असेल, तर तिचे फळ उशिरा आले किंवा वेगळ्या हातून आले, तरी आपण आपला हक्क अदा केलेला असेल. निवड करतानाच आपण ओळखीला, पैशाला किंवा नात्याला झुकलो असू, तर मात्र कियामतच्या दिवशी ‘अल्लाहवर भरवसा ठेवला होता’ हे उत्तर चालणार नाही.

अल्लाह आम्हा सर्वांना अमानत तिच्या हक्कदाराच्या हाती देण्याची समज देवो, जबाबदारी पेलणाऱ्यांना बळ देवो आणि आमच्या मनांना त्याच्या फैसल्यावर राजी ठेवो. आमीन.